रिजवे: रस्त्याचं वय आणि गोष्टींचं वय

तुमचे प्रश्न तीन आहेत. दक्षिण इंग्लंडातला रिजवे हा ब्रिटनमधला सर्वांत जुना रस्ता, पाच हजार वर्षांचा, असं जिथे तिथे वाचायला मिळतं, त्यात खरं किती? तिथल्या लोहाराच्या, ड्रॅगनच्या, आल्फ्रेड राजाच्या गोष्टींना काही आधार आहे का? आणि नाशिकहून आईबाबा येताहेत, त्यांना एका दिवसात काय दाखवावं? मी गेली बावीस वर्षं स्विंडनजवळ राहते आणि याच टेकड्यांवर पुरातत्त्व सर्वेक्षणाचं काम करते, त्यामुळे उत्तर लांबणार. चहा घेऊन बसा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना चुकल्यासारखं वाटणार नाही. रस्त्यालगतच्या जागा पाच हजार वर्षांच्या आहेत, काही त्याहूनही जुन्या. रस्ता तितका जुना असल्याचा पुरावा मात्र नाही, आणि काही ठिकाणी तर पुरावा उलट बाजूने बोलतो. माझ्या मते या वाटेवरची सगळ्यात नवी दंतकथा म्हणजे तिचं वय.

आज ज्याला रिजवे म्हणतात तो १९७३ साली अधिकृतपणे सुरू झालेला सुमारे १३९ किलोमीटरचा पदभ्रमणाचा मार्ग आहे. अश्मयुगातल्या दगडी वर्तुळासाठी प्रसिद्ध असलेल्या एव्हबरी गावाजवळच्या ओव्हर्टन हिलवर तो सुरू होतो, गोरिंगला थेम्स ओलांडतो आणि चिल्टर्न टेकड्यांतून आयव्हिंगो बीकनला संपतो. थेम्सच्या पश्चिमेचा भाग हा खरा जुना रिजवे. पूर्वेकडचा भाग बराचसा इकनील्ड वे नावाच्या दुसऱ्या वाटेला धरून जुळवलेला आहे. पश्चिमेकडची वाट खडूच्या डोंगरधारेवरून जाते. खडू म्हणजे शाळेतल्या फळ्यावरचा आठवा, तोच पांढरा दगड, फक्त शेकडो फूट जाड थर. पाणी त्यातून झिरपून जातं, म्हणून खालच्या दरीत चिखलाचा रबडा असतो तेव्हाही वर चालता येतं. या टेकड्यांना इथे ‘डाउन’ म्हणतात, आणि नवीन माणूस हमखास बुचकळ्यात पडतो की वर चढताना खाली कसं? जुन्या इंग्रजीत ‘दून’ म्हणजे टेकडी, एवढंच ते आहे.

कोरडी धार, लांबवर नजर पोचते, दोन्ही बाजूंना पुरातन थडगी आणि गढ्या. एवढं दिसल्यावर अश्मयुगातली माणसं याच वाटेने चालत असणार, हा तर्क कुणीही करील. माणसं चालत होती यात शंका नाही. कॉर्नवॉल आणि कम्ब्रियातल्या दगडाच्या कुऱ्हाडी एव्हबरीच्या परिसरात सापडल्या आहेत; त्या काही उडत आल्या नाहीत. पण माणसं हिंडत होती आणि ती याच रेषेवरून हिंडत होती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओव्हर्टन डाउनवर पुरातत्त्वज्ञ पीटर फाउलर यांनी अनेक वर्षं काम केलं. तिथे रिजवे जुन्या शेतांच्या बांधांवरून आडवा गेलेला दिसतो. म्हणजे शेतं आधीची आणि आजची वाट नंतरची. आपल्याकडे नवा रस्ता कुणाच्या तरी शेताचे दोन तुकडे करून जातो, तसंच. वाट आधीपासून असती तर शेतकऱ्याने बांध तिच्या कडेने घातले असते.

शिवाय ‘रस्ता’ हा शब्दच जरा फसवा आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत कुंपणं घालून जमिनी वाटल्या गेल्या, तेव्हा ही वाट दोन कुंपणांत पक्की बसली. त्याआधी तो एक रुंद पट्टा होता. पावसाने एक चाकोरी खराब झाली की गाडीवान शेजारची धरायचे. अशा पट्ट्याचा जन्म कुठल्या सालचा, असं विचारायला गेलं तर एक उत्तर मिळणारच नाही.

नाव मात्र खरोखर जुनं आहे. सॅक्सन म्हणजे रोमनांनंतर जर्मनीकडून येऊन इथे वसलेले लोक; त्यांच्या काळातल्या जमिनीच्या सनदांमध्ये शिवेच्या खुणा सांगताना ‘हृग्वेग’सारखा शब्द येतो. त्यातल्या पहिल्या भागाचा अर्थ पाठ, कणा. कण्यावरची वाट. म्हणजे हजार वर्षांपूर्वी ही वाट होती आणि ‘ती वाट’ म्हणून ओळखली जात होती, इतकं कागदावरून म्हणता येतं. माझ्या दृष्टीने हेही थोडं नाही.

आता गोष्टींकडे येते, आणि सुरुवात करते एका अशा गोष्टीपासून जी कुठल्याच माहितीफलकावर ठळक नसते. ईस्ट हेंड्रेडच्या वरच्या अंगाला, वाटेला अगदी लागून, झाडीत एक उकरलेला मातीचा ढिगारा आहे. वरून पाहिला तर अर्धचंद्रासारखा. स्कचमर नॉब हे त्याचं आजचं विचित्र नाव. जुनं नाव क्विकेल्मचा ढिगारा. क्विकेल्म हा सातव्या शतकातला वेसेक्सचा, म्हणजे दक्षिण इंग्लंडातल्या सॅक्सन राज्याचा, राजा. अँग्लो-सॅक्सन बखरीत १००६ सालच्या नोंदीत येतं की डेन लोकांचं, म्हणजे डेन्मार्ककडच्या व्हायकिंगांचं, सैन्य ऐन हिवाळ्यात आत घुसलं, वॉलिंगफर्ड जाळलं आणि मग मुद्दाम या ढिगाऱ्यापाशी येऊन थांबलं. का? तर लोकांमध्ये पक्का समज होता की शत्रू क्विकेल्मच्या ढिगाऱ्यापर्यंत आला तर तो पुन्हा समुद्र पाहणार नाही. डेन तिथे छाती फुगवून उभे राहिले: या, काय करता बघू. कुणी आलं नाही. मग ते वेगळ्या वाटेने परत निघाले, केनेटपाशी इंग्रज सैन्य आडवं आलं, त्याला पळवून लावलं आणि लूट घेऊन विंचेस्टरच्या वेशीवरून दिमाखात समुद्राकडे गेले.

नकाशा उघडा. एका टोकाला ढिगारा, दुसऱ्या टोकाला केनेट, म्हणजे ओव्हर्टन हिलचा पायथा. मधली डोंगरधार म्हणजेच रिजवे. बखर रस्त्याचं नाव घेत नाही, पण लुटीच्या ओझ्यासह थंडीत दुसरीकडून कोण जाईल? मला ही नोंद फार आवडते, कारण दंतकथा भर दिवसा, शत्रूसमोर खोटी ठरल्याचं इथे लिहून ठेवलं आहे, आणि लिहिणारा हरलेल्या बाजूचा आहे. गोष्टीवर लोकांचा किती विश्वास होता हे शत्रूलाही ठाऊक होतं. तिचा त्याने शस्त्रासारखा वापर केला.

आता लोहार. अफिंग्टनपासून पश्चिमेला चालत निघालात की अर्ध्या-पाऊण तासात उजव्या हाताला बीच झाडांचं एक कडं लागतं. आत लांबट मातीचा उंचवटा, तोंडाशी माणसापेक्षा उंच दगड. हे वेलंड्स स्मिदी, म्हणजे वेलंडची लोहारशाळा. प्रत्यक्षात ते थडगं आहे, आणि एक नाही तर दोन, एकावर एक. रिचर्ड ॲटकिन्सन आणि स्टुअर्ट पिगट यांनी १९६२-६३ साली ते खणलं. खालचं लाकडी, त्यात चौदा माणसांचे अवशेष, काळ साधारण इ.स.पू. ३६०० ते ३५५०. मग शंभरएक वर्षांनी त्याच्यावर दगडी खोल्यांचं मोठं थडगं, सुमारे ५५ मीटर लांब. लोखंडाशी या दोन्हींचा काही संबंध नाही. लोखंड ब्रिटनमध्ये यायला त्यानंतर जवळपास तीन हजार वर्षं होती.

मग लोहार आला कुठून? सॅक्सन लोक सोबत घेऊन आले. वेलंड हा उत्तर युरोपातल्या जर्मन भाषांच्या पुराणांतला कारागीर. राजाने त्याच्या पायाच्या शिरा तोडून त्याला कामाला जुंपलं. त्याने राजाची मुलं मारून त्यांच्या कवट्यांचे पेले केले, राजकन्येवर अत्याचार केला आणि पंख करून उडून गेला. भयंकर गोष्ट आहे, मुलांना सांगायची नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये आठव्या शतकाच्या सुरुवातीची देवमाशाच्या हाडाची एक पेटी आहे. तिच्या दर्शनी बाजूला एका चौकटीत वेलंड आणि शेजारच्या चौकटीत बाळ येशूला भेटायला आलेले तीन ज्ञानी पुरुष. त्या लोकांना दोन्ही गोष्टी सारख्याच जवळच्या होत्या.

या नव्या आलेल्या लोकांनी डोंगरधारेवर हे अजस्र दगड पाहिले. कुणी रचले ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं. मग असं काम कोण करू शकतो? आपल्या गोष्टींतला सर्वांत मोठा कारागीर. आईबाबा नाशिकचे आहेत, त्यांना हे एका वाक्यात समजेल: पांडवलेण्यांच्या भिंतीवर सातवाहनांचे आणि क्षत्रपांचे शिलालेख कोरलेले असूनही लेणी पांडवांचीच. इथे तर शिलालेखही नव्हता.

इ.स. ९५५ च्या एका सनदेत शिवेची खूण म्हणून वेलंडच्या लोहारशाळेचं नाव पहिल्यांदा येतं. आता जी गोष्ट प्रत्येक वाटाड्या सांगतो ती घ्या. घोड्याचा नाल पडला तर घोडा इथे बांधावा, दगडावर एक नाणं ठेवावं आणि मागे न बघता निघून जावं. परत आलं की नाणं गेलेलं आणि घोड्याला नवा नाल. ही गोष्ट कागदावर पहिल्यांदा येते १७३८ मध्ये, ऑक्सफर्डच्या फ्रान्सिस वाइज या अभ्यासकाने गावकऱ्यांकडून ऐकून लिहिलेली. म्हणजे नाव आणि नालाची गोष्ट यांच्यात जवळजवळ आठशे वर्षांचं अंतर आहे. शिवाय खिळे ठोकून बसवायचे नाल युरोपात सर्रास झाले तेच पहिल्या सहस्रकाच्या शेवटाकडे. मूळ पुराणातला वेलंड सोनारकाम करतो, तलवारी घडवतो. तो रस्त्याकडेचा नालबंद झाला तो बहुधा इथेच, या वाटेमुळे. अठराव्या शतकात खालच्या सडकांवर टोलनाके बसायला लागले आणि गुरंमेंढरं हाकणारे पैसे वाचवायला वरच्या वाटेने जायचे. ईस्ट इल्सलीच्या मेंढीबाजारात हजारोंनी मेंढरं यायची. मैलोन् मैल ना गाव ना लोहार, अशा ठिकाणी नाल निखळणं म्हणजे काय संकट! अशाच वाटसरूंना असा लोहार हवा होता. रस्त्याने गोष्ट घडवली, हे इथे जवळजवळ डोळ्यांनी दिसतं.

थडगं १९१९-२० मध्ये पहिल्यांदा नीट खणलं तेव्हा दोन लोखंडी पट्ट्या मिळाल्या होत्या. अजूनही अधूनमधून मला कुणीतरी हा पुरावा म्हणून ऐकवतं. त्या पट्ट्या थडग्यानंतर हजारो वर्षांनी तिथे पोचलेल्या आहेत. एखाद्या लेण्यात शिवकालीन पैसा सापडला म्हणून लेणी शिवकालीन होत नाहीत.

वेलंडबद्दल अजून एकच, कारण ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. लॅटिन तत्त्वज्ञ बोएथियस याच्या ग्रंथाचं जुन्या इंग्रजीतलं भाषांतर परंपरेने आल्फ्रेड या नवव्या शतकातल्या वेसेक्सच्या राजाच्या नावावर आहे. मूळ लॅटिनमध्ये तो एका कवितेत विचारतो की फाब्रिकियसची हाडं आता कुठे आहेत? फाब्रिकियस हा रोमन सेनानी. भाषांतरात ते झालं: तो शहाणा सोनार वेलंड, त्याची हाडं आता कुठे आहेत? ‘फाबर’ म्हणजे लॅटिनमध्ये कारागीर, त्यावरून ही उडी घेतली असावी. आल्फ्रेडचा जन्म वॉन्टेजचा, वेलंडच्या लोहारशाळेपासून पंधरा किलोमीटरच्या आत. भाषांतर त्याने स्वतः केलं की त्याच्या पंडितांनी, यावर वाद आहे. पण या मुलुखात वाढलेल्या माणसाला ‘वेलंडची हाडं’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर काय आलं असेल, हा विचार त्या दगडांपाशी दर वेळी येतो.

घोड्याकडे वळू. अफिंग्टनचा पांढरा घोडा म्हणजे टेकडीच्या उतारावर काढलेलं सुमारे ११० मीटर लांब चित्र. रंगवलेलं नाही, चर खणून त्यात खडू ठेचून भरलेला आहे. वाइजनेच १७३८ मध्ये ठासून सांगितलं की आल्फ्रेडने ८७१ मध्ये ॲशडाउनच्या लढाईत डेन लोकांना हरवलं त्याची ही खूण. पुढे दोनशे वर्षं सगळे तेच म्हणत राहिले. १९३१ मध्ये पिगटने लोहयुगातल्या नाण्यांवरच्या घोड्यांशी साम्य दाखवून तो आणखी मागे नेला. मग १९९०च्या दशकात ऑक्सफर्डच्या पुरातत्त्वज्ञांनी चरातल्या मातीच्या कणांवर शेवटचं ऊन कधी पडलं हे प्रयोगशाळेत मोजलं. उत्तर आलं इ.स.पू. १३८० ते ५५० च्या दरम्यान. आल्फ्रेडच्या किमान चौदाशे वर्षं आधी! दंतकथेने एरवी वय वाढवायचं असतं. इथे तिने ते निम्म्याहून कमी केलं होतं.

साउदॅम्प्टन विद्यापीठाचे जोशुआ पोलार्ड यांनी असं मांडलं आहे की हिवाळ्यात खालून पाहिलं तर सूर्य घोड्याच्या मागून येतो आणि त्याला ओलांडून जातो, म्हणून हा सूर्याचा घोडा असावा. डेन्मार्कमध्ये त्याच सुमाराचा, सूर्याची थाळी ओढणारा काशाचा घोडा मिळाला आहे, त्यामुळे कल्पना बिनबुडाची नाही. आपल्याला तर सात घोड्यांचा रथ पाठ आहे, तेव्हा पटायला काहीच जड जात नाही. म्हणूनच मी जरा सावध राहते.

खरं आश्चर्य वयापेक्षा वेगळंच आहे. गवत वाढू दिलं तर काही दशकांत घोडा नाहीसा होईल. म्हणजे गेली सुमारे तीन हजार वर्षं दर पिढीत कुणीतरी तो साफ केला आहे. भाषा बदलल्या, देव बदलले, राजे आले नि गेले, आणि गवत काढणं थांबलं नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत या साफसफाईची जत्रा भरायची: कुस्त्या, शर्यती, उतारावरून चीजचे गोल सोडून त्यांच्यामागे धावणं. शेवटची मोठी जत्रा १८५७ ची. दुसऱ्या महायुद्धात जर्मन वैमानिकांना खूण मिळू नये म्हणून घोडा गवत-फांद्यांनी झाकला होता. आता नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेचे स्वयंसेवक उन्हाळ्यात हातोडे घेऊन बसतात आणि नवा खडू ठेचतात. मीही बसले आहे. दोन तासांनी मनगट कामातून जातं आणि आपण शेपटीच्या एका तुकड्यापुढे गेलेलो नसतो.

घोड्याखालची सपाट माथ्याची टेकडी म्हणजे ड्रॅगन हिल. सेंट जॉर्जने ड्रॅगन इथे मारला, रक्त सांडलं तिथे गवत उगवत नाही. माथा माणसाने सपाट केला आहे एवढं खरं. पांढरा डाग उघड्या खडूचा आहे. बाजूच्या खोल घळीला मेंजर म्हणतात, म्हणजे गव्हाण. चांदण्या रात्री घोडा तिथे चरायला उतरतो. किंग्स्टन लाइल गावातला भोकांचा दगड आल्फ्रेडने फुंकून सैन्य गोळा केलं असं सांगतात. फुंकून आवाज निघतो, पण दम लागतो. ॲशडाउनची लढाई नेमकी कुठे झाली यावर अजून वाद आहे, त्यामुळे कुठल्या सैन्याला तो ऐकू गेला असता हे कोण सांगणार.

वाटेच्या एव्हबरीकडच्या टोकाला सैतानाचं राज्य आहे. ओव्हर्टन हिलवरून दिसणारी सिल्बरी हिल ही सुमारे ३९ मीटर उंच, इ.स.पू. २४०० च्या आसपास माणसांनी रचलेली टेकडी. तिच्या पोटात सिल राजा सोन्याच्या घोड्यावर बसलाय असं सांगतात. १७७६ मध्ये माथ्यावरून सरळ खाली विहीर खणली, पुढे दोनदा बाजूने बोगदे. राजा मिळाला नाही आणि २००० साली माथा मात्र खचला. मला दुसरी गोष्ट आवडते. सैतान एका गावावर ओतायला मातीचं पोतं घेऊन निघाला. वाटेत फाटक्या जोड्यांची गोणी घेतलेला चांभार भेटला. गाव किती लांब, असं सैतानाने विचारलं. चांभार म्हणाला, मी तिथूनच येतोय, एवढे जोडे झिजले बघा. सैतानाने वैतागून माती तिथेच टाकली. थेम्सपलीकडे ग्रिम्स डिच नावाचा लांब चर लागतो. ग्रिम म्हणजे मुखवटेवाला, उत्तर युरोपातल्या जुन्या धर्मातल्या ओडिन देवाचं टोपणनाव. पुढे असल्या सगळ्या जागा सैतानाच्या खात्यावर गेल्या.

एव्हबरीत एक गोष्ट उलटी घडली. १९३८ मध्ये पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कीलर यांना एका पडलेल्या दगडाखाली माणसाचा सांगाडा मिळाला, सोबत कात्री, एक टोकदार लोखंडी हत्यार आणि १३२० च्या आसपासची चांदीची नाणी. मध्ययुगात गावकरी हे दगड पाडून पुरत होते, आणि हा न्हावी-शस्त्रवैद्य त्यात चिरडला, अशी गोष्ट संशोधकांनीच रचली. सांगाडा लंडनच्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाला असं समजत होते. १९९८ मध्ये तो संग्रहालयात सापडला, आणि तपासल्यावर दगडाने चिरडल्याची खात्री राहिली नाही. कदाचित तो आधीच मेलेला होता. दंतकथा फक्त गावकरी रचतात असं नाही.

आता आईबाबांचा दिवस. अख्खा रिजवे विसरा. व्हाइट हॉर्स हिलच्या वाहनतळावर गाडी लावा, अफिंग्टन कॅसल या लोहयुगातल्या गढीच्या मातीच्या तटावर एक चक्कर मारा, घोड्याच्या डोक्यापर्यंत जा. खडूवर पाय ठेवू नका. जवळून घोडा पूर्ण दिसत नाही, त्यामुळे बाबा ‘कुठाय घोडा?’ म्हणणार, परतताना खालच्या दरीतून गाडी घ्या, लांबून दाखवा. मग रिजवेवरून वेलंडच्या लोहारशाळेपर्यंत, जाऊन-येऊन पाचएक किलोमीटर, चढ फारसा नाही. पावसानंतर चाकोऱ्यांत ओला खडू साबणासारखा निसरडा होतो, म्हणून चपला नकोत, आणि आईंना काठी असू द्या. दुपारनंतर एव्हबरी गाठता येईल. तिथे दगडांना हात लावता येतो, मेंढ्या मध्ये चरत असतात.

आणि लोहारशाळेच्या दगडांच्या फटीत लोक नाणी खोचतात. त्याने दगडाला इजा होते आणि आम्हाला ती चिमट्याने काढत बसावं लागतं. बाबांना नाणं ठेवायचंच असेल तर दगडावर ठेवू द्या आणि निघताना गुपचूप उचलून घ्या. परत येऊन पाहिलं की नाणं गेलेलं असेल, गोष्टीत आहे तसंच.